गोड्या पाण्याचं वादळ

उम्म अल कुवेनच्या बाहेर, सिमेंटच्या गोदामामागं
त्यांनी एक गाव उभं केलं होतं.
प्लायवूडची मशीद, पुठ्ठ्याची दुकानं,
खजुरी तेवढ्या खऱ्या, पण मुळांशिवाय,
ड्रममधल्या वाळूत खोचलेल्या.
मालिकेच्या सातव्या भागात
हे सगळं वाहून जायचं होतं.

वाहून न्यायचं पाणी माझ्याकडं.
पाच हजार गॅलनचा टँकर, दिवसाला चार फेऱ्या.
पावतीवर लिहिलेलं: गोडं पाणी. कारण: पाऊस.
खारं चालणार नाही म्हणाले,
हिरॉइनच्या डोळ्यांना झोंबतं.
तर ढग दिसला की लोक फोटो काढतात अशा मुलखात
मी, इस्माईल हुर्झुक, मुक्काम श्रीवर्धन,
पाऊस पोचता करत होतो.

दिग्दर्शक छत्रीखाली. छत्री उन्हासाठी.
त्यानं हात वर केला की मी व्हॉल्व्ह सोडायचा,
ट्रेलरवरचे दोन पंखे घुमायचे,
आणि छपरांवरचे पत्रे उडायचे
तारांना बांधलेले.
मग ‘कट’. मग चार नेपाळी पोरं
पत्रे वेचून परत जागच्या जागी बसवायची.
असं सहा वेळा.
मी चाकाला टेकून बघत राहिलो.
उडालेला पत्रा परत येताना
कधी बघितला नव्हता.

चहाच्या वेळी साउंडवाला सब्री शेजारी बसला.
इजिप्तचा. अर्धं अरबी, अर्धं सिनेमातलं हिंदी.
तुझं गाव समुद्रावर ना, म्हणाला,
वादळाचा खरा आवाज कसा असतो?

मी तोंड उघडलं.

खरं म्हणजे मी तिथं नव्हतोच.
त्या जूनमध्ये विमानं बंद होती,
मी ह्याच टँकरात होतो, ह्याच एसीत.
फोनवर रुकय्याचा शेवटचा शब्द ‘पत्रा’ होता
की ‘पोरांना’, ह्यावर आमचा अजून वाद आहे.
मग अकरा दिवस काही नाही.
सुपाऱ्या आडव्या, खांब आडवे, टॉवर आडवे,
हे सगळं मागाहून कळलं.
तेव्हा फक्त मी नंबर लावायचो
आणि एक बाई शुद्ध मराठीत सांगायची,
संपर्क क्षेत्राच्या बाहेर.
पाचव्या-सहाव्या दिवशी मी तिच्याशीच बोलायला लागलो.
बाई, तुम्ही तिकडच्याच ना,
जरा जाऊन बघता का?

सब्रीला म्हटलं, आवाज नसतो.

तो हसला नाही.
हेडफोन गळ्यात तसाच ठेवून
सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी लिहिलं.

रमजानमध्ये मालिका लागली.
कॅम्पच्या खोलीत तेवीस माणसं, एक टीव्ही,
खजुरांच्या बिया वर्तमानपत्रावर.
कुठंयस रे तू, दिसत नाहीस?
म्हटलं, ते बघा ना, पडतोय.
खूप हसले.

मग पहिला पत्रा उडाला, हिरॉइननं तोंड उघडलं
आणि काहीच ऐकू येईना.
पाऊस पडतोय, मशीद कलंडतेय,
माणसं एकमेकांना हाका मारतायत,
आणि खोलीत नुसती फ्रिजची घरघर.
केबल गेली, तुळशीराम म्हणाला,
रिमोट मांडीवर आपटायला लागला.
म्हटलं, थांब. हात लावू नकोस.
इतक्या जोरात म्हटलं की सगळे वळून बघायला लागले.
मी मोजत होतो.
नऊपर्यंत पोचलो
तेवढ्यात व्हायोलिनं सुरू झाली,
हिरॉइन रडायला लागली,
तिच्या गालांवरून ओघळणारं
ते निम्मं माझं.
पाठोपाठ तांदळाची जाहिरात.

बाहेर येऊन घरी फोन लावला.
रुकय्या झोपेतून म्हणाली,
एवढ्या रात्री? काय झालं?
काही नाही, म्हटलं.
वाजतोय का बघितलं.